यादीत नसलेलं नाव

"अजून कोणी?" मनिषानं विचारलं.

"न्हाई," आनंदराज म्हणाला.

"नीट आठवा. सोनार, मित्र, दवाखान्यातलं कोणी?"

"न्हाई म्हणलं ना. एवढंच हाय."

तिनं पानाच्या तळाशी रेघ मारली आणि बेरीज केली. तीन लाख बासष्ट हजार. बँकेचं कर्ज, क्रेडिट कार्ड आणि मोबाईलवर झटपट पैसे देणारी दोन ॲपं. त्याच दिवशी दुपारी वसुलीवाल्यानं थेट तिच्या शाळेत फोन केला होता. मनिषा तिथं कारकून. फोन मुख्याध्यापिकेनं उचलला आणि नवऱ्याच्या कर्जाची गोष्ट बायकोच्या आधी तिच्या साहेबीणबाईंना कळली. घरी येऊन मनिषा रडली नाही, भांडलीही नाही. चहा केला, वही काढली आणि नवऱ्यासमोर बसली. आनंदराजला तेच जास्त लागलं.

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात तो पंधरा वर्षं एक्स-रे काढत होता. शेअर बाजाराचा नाद मोबाईलवरून लागला. पहिल्या महिन्यात नऊ हजार सुटले तेव्हा त्यानं मनिषाला साडी आणली. पुढं बुडत गेले तेव्हा मात्र घरी चकार शब्द काढला नाही. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून घेत गेला.

यादीत न आलेलं नाव लिंबाजीचं होतं. दवाखान्याच्या गेटवरचा वॉचमन. मूळ मुखेडचा, साठी ओलांडलेला, लातुरात दोघा-तिघांबरोबर खोली करून राहणारा. आनंदराजचं त्याला भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायचा, "आपल्यातला पोरगा हाय. एवढी मोठी मशीन चालवतो." त्याच लिंबाजीकडून आनंदराजनं चाळीस हजार घेतले होते. घरच्या पत्र्यांसाठी साठवलेले. "अडचण हाय मामा" एवढंच तो म्हणाला होता. लिंबाजीनं कसली अडचण विचारली नाही. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून पैसे आणून दिले. कागद नाही, सही नाही. ते पैसे शेअर बाजारात दोन दिवसांत गेले.

वॉचमनकडून पैसे घेतले, हे मनिषासमोर त्याच्या तोंडातून निघेना.

पुढच्या रविवारी मनिषानं महिन्याचं उद्दिष्ट ठरवलं. दर महिन्याला चौदा हजार फेडायचे. पगार झाला की ती पैशांची पाकिटं करायची: भाडं, किराणा, गॅस, लेकीची फी. ज्याचं पाकीट संपलं त्याचा खर्च त्या महिन्यापुरता बंद. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं तिनं कागद चिकटवला, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. गाडी विकली. आनंदराज सायकलवर जायला लागला. त्या वर्षी चौदा एप्रिलला घरात नवा कपडा आला नाही. लेक समीक्षा काही बोलली नाही, जुनाच ड्रेस इस्त्री करून घालून आली.

आकडे मात्र खाली येत होते. पहिलं ॲप फिटलं, मग दुसरं. मनिषा पट्टी लावून नाव खोडायची आणि त्याच्याकडे बघून हसायची. त्यालाही हसावं लागायचं.

एकदा जादा ड्यूटीचे दीड हजार हातात आले. लिंबाजीला थोडे तरी द्यावेत म्हणून त्यानं ते एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात लपवले. चार दिवस तसेच ठेवले. मग त्याच्या ध्यानात आलं, हे पैसे द्यायचे तर पुन्हा मनिषापासून लपवावं लागेल. सांगून द्यायचे तर आधी सगळं सांगावं लागेल. पाचव्या दिवशी त्यानं ते गुपचूप मनिषाच्या हातात ठेवले. "शाब्बास," ती म्हणाली. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही.

लिंबाजी पैशाचं नाव काढत नव्हता. "जयभीम सर, जेवलात का?" एवढंच. तेवढंही आनंदराजला सोसेना. तो मागच्या बाजूनं, कचऱ्याचे लाल-पिवळे डबे असतात तिथून आत जायला लागला. आठेक दिवसांनी लिंबाजी मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, पुढूनच येत जा की," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काय मागून राहिलो का तुम्हाला?"

आनंदराजनं मान वर केली नाही. सायकलचं कुलूप लावायला त्याला फार वेळ लागला.

चौदावा महिना संपता संपता गेटवर नवा माणूस दिसला. वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीनं साठीच्या वरचे सगळे कमी केले होते. लिंबाजी दोन दिवसांपूर्वीच गावी गेला होता, कुणाला न सांगता. हे ऐकलं तेव्हा आनंदराजला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. उद्यापासून पुढच्या गेटनं जाता येईल. पुढच्याच क्षणी आपल्याला काय वाटलं ते त्याला कळलं. समोर एक बाई छातीच्या फोटोसाठी श्वास रोखून उभी होती. तिला श्वास सोडायला सांगायचंही त्याला सुचेना.

संध्याकाळी त्यानं मनिषाला सगळं सांगितलं.

तिनं वही मिटली. "तुम्हाला दोनदा विचारलं होतं मी."

"हाव."

"जे शिव्या देत होते त्यांचे आपण आधी फेडले. आणि हा माणूस गप बसला म्हणून त्याला वहीत जागासुद्धा न्हाई? कामून? वॉचमन हाय म्हणून?"

"लाज वाटली."

"कशाची? घ्यायची, का सांगायची?"



दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कागद नव्यानं लिहिला. कार्डाचे जास्तीचे हप्ते पुढं ढकलले आणि सगळ्यात वर लिंबाजीचं नाव घातलं. महिना दहा हजार, चार महिने. "पहिले द्यायला मीबी येते," ती म्हणाली. "तुमचा भरवसा न्हाई."

रविवारी दोघं एसटीनं मुखेडला गेले. विचारत विचारत घर सापडलं. लिंबाजी दारात बाजेवर बसला होता. वॉचमनच्या कपड्यांशिवाय तो लहानखुरा दिसत होता. आनंदराजला बघून तो गडबडीनं उठला. "अगं, दवाखान्यातले सर आले. चहा टाक."

त्याची बायको पार्वतीबाई बाहेर आली. तिनं दोघांना आत नेऊन चटईवर बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला; मागोमाग लिंबाजीही आत आला. वर पत्र्याला दोन ठिकाणी प्लास्टिक बांधलेलं होतं. मनिषाची नजर तिकडे गेलेली बघून पार्वतीबाई म्हणाली, "बदलायचेच होते की. चाळीस हजार जमवले होते यांनी. एसटीत खिसा कापून घेतला. दीड वरीस झालं. तवापासून पोरगं यांच्या हातात पैसा देत न्हाई. पगार बी त्याच्याच खात्यात जायचा. बिडीला सुद्धा मागून घ्यावं लागतं. गावात समदे हसतात, म्हातारा येडा झाला म्हणून."

आनंदराजनं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजीनं किंचित मान हलवली. नका बोलू. पुन्हा एकदा हलवली.

गप्प बसणं किती सोपं होतं! म्हातारा स्वतःच वाट करून देत होता. पैसे त्याच्या हातात बाहेर गुपचूप देता आले असते. मनिषा मात्र आनंदराजकडे बघत होती.

"खिसा कापला न्हाई, मावशी," आनंदराज म्हणाला. "मी घेतले होते. जुगारासारखं खेळून बुडवले. मामांनी एकदाबी मागितले न्हाईत. आणि मी त्यांना तोंड चुकवत फिरलो."

त्यानं दहा हजार चटईवर ठेवले. "उरलेले तीन महिन्यांत आणून देतो."

चुलीवरचा चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"खरं हाय?" पार्वतीबाईनं नवऱ्याला विचारलं.

"शिकलेला पोरगा हाय," लिंबाजी खाली बघत म्हणाला. "तू दवाखान्यात येऊन बोलली असती. चारचौघांत त्याची मान गेली असती."

"आणि तुमची गेली ती?"



पार्वतीबाईनं नोटा उचलल्या. सवयीनं ती पोराच्या पेटीकडे वळली, दोन पावलं गेलीही. मग थांबली. परत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"धरा. तुमचे हायत."

लिंबाजीनं नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत. सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि चपला शोधू लागला.

"कुठं निघालात?"

"चहा गेला की उतू. पाहुण्यांसाठी दूध आणतो."

"शेजारच्या पोराला सांगते मी."

"ऱ्हाऊ दे," लिंबाजी म्हणाला. "मीच आणतो."

आणि एक हात खिशावर ठेवून तो उन्हात बाहेर पडला. दुकान गल्लीच्या टोकाला होतं. तो सावकाश, मधोमध चालत होता. पार्वतीबाई चौकटीला धरून तो वळेपर्यंत बघत उभी राहिली.