बाबांचा कान

बाबांना ऐकू येत नाही, हे अख्ख्या गॅरेजात एकट्या लेकीलाच माहीत होतं, आणि बाबा ते कबूल करायला तयार नव्हते. कान तपासायला चला म्हटलं की, "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" म्हणून उलट तिच्यावरच डाफरायचे. तेही इतक्या मोठ्याने, की शेजारचा टायरवाला डोकावून बघायचा.

आणि सगळं नाव तर त्या कानावरच उभं होतं! जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक क्लब होता. गाडी झटके खाते असं कोणी ग्रुपवर लिहायचा अवकाश, एक म्हणे प्लग बदला, दुसरा म्हणे पेट्रोलच खराब, तिसरा शहाणा तर नुसता फोटो बघून इंजिन उतरवायला सांगे. सगळे सल्ले करून हात टेकले, की कोणीतरी लिही, "उस्तादांकडे न्या." उस्ताद म्हणजे बाबा. "स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाला, आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून गाडी अशी लावून देतात की विचारू नका!" त्या मुठीतून हल्ली बाबांना काय ऐकू येत होतं, देव जाणे.

बरं, त्यांचा काही नेम असता तरी चाललं असतं. ती शेजारी उभी असताना लावलेली गाडी अगदी चोख निघायची. ती सुटे भाग आणायला गेली, की मागे लावलेली गाडी काळा धूर ओकायची. मग गिऱ्हाइकाला "एक चक्कर मारून बघते" असं सांगून गाडी कोपऱ्यापलीकडे न्यायची आणि धूर मोजायचं मीटर लावून सगळं गुपचूप पुन्हा जुळवायचं. दोन वर्षं! एकाच कामाला दोनदा राबायचं, आणि वर ऐकून घ्यायचं, "तुझं ते मीटर ठेव बाजूला. गाडी कानाने लावायची असते."

अशात क्लबच्या सेक्रेटरींनी घाट घातला. रविवारी मैदानात सगळ्यांसमोर उस्तादांनी गाडी लावून दाखवायची, सायलेन्सरला मीटर जोडायचं आणि मीटरचे आकडे मोठ्या पडद्यावर. बाबांनी तिला न विचारता हो म्हणून टाकलं.

"बाबा, नको," ती त्यांच्या पुढ्यात उभी राहून ओरडली. "चाळीस वर्षांचं नाव एका सकाळी मातीत जाईल! तिथे मला काहीच करता येणार नाही."

"तू येशील ना पण?" बाबांनी विचारलं.

"मग काय घरी बसू?" तिने हातातला पाना आपटला.

रविवारी साठसत्तर माणसं जमली. गाडी अशी थरथरत होती, की बिघाड बहिऱ्यालाही दिसावा. बाबांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. आता होणारा तमाशा लेकीला बघवेना. ती गर्दीतून मागे सरकली आणि एका टेम्पोच्या आड जाऊन उभी राहिली.

बाबांनी स्क्रू फिरवला. इंजिन आणखी बिघडलं. उलटा फिरवला, तर ते बंदच पडता पडता राहिलं. कोणीतरी फिसकन हसलं. बाबांचा हात थांबला. मान वर करून ते माणसांत शोधायला लागले.

"पोरगी कुठाय माझी?"

"पाना हवा असेल," असं म्हणत सेक्रेटरींनी तिला शोधून पुढे आणलं. तिच्या डोक्याची नुसती आग झाली होती. तिने पाना पुढे केला. बाबांनी तो घेतलाच नाही. तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी स्क्रू जरासा फिरवला. इंजिन अडखळलं, तिच्या कपाळाला आठी पडली. लगेच त्यांचा हात उलटा फिरला. आवाज सुधारला, आठी सैल झाली. मग आणखी पाव वळसा.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! दोन वर्षं हा माणूस इंजिन ऐकतच नव्हता, तिचं तोंड वाचत होता. आधी सांगायला काय झालं होतं? असा संताप आला तिला, आणि त्याच्या मागोमाग रडू. पण रडायचीही सोय नव्हती. रडली असती तर बाबांनी स्क्रू भलतीकडेच फिरवला असता. तिने दात आवळले, जिवाचा कान करून ऐकलं, आणि इंजिन एका लयीत चालायला लागल्यावरच हसली. बाबांनी स्क्रूवरचा हात काढला. पडद्यावरचा आकडा हवा तिथे येऊन थांबला होता.

"काय कान आहे, वा!" सेक्रेटरी ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ते लेकीकडे वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, म्हणजे सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मागे कशाला गेलीस गं? मला काही दिसेना."