आबांची पसंती

उत्तमला नवी गाडी परवडत होती. लहानशी, पांढरी, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण त्याला हवी होती मोठी, जर्मन, सहा सिलिंडरची, जरा दाबली की पाठ सीटला चिकटवणारी, आणि तेवढ्या पैशांत तशी मिळणार ती आठ-नऊ वर्षं वापरलेलीच. सुटे भाग घेताना घाम फुटेल, असं मित्रांनी समजावलं. बायकोनं त्या विषयावर बोलणंच सोडलं. उत्तम कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता.

हौस जुनी होती. संपाच्या वर्षी तो दहा वर्षांचा होता आणि गिरणीच्या फाटकासमोर धरणं धरून बसलेल्या बापाला, कोंडीरामला, म्हणजे आबांना, भाकरी द्यायला जायचा. एकदा मालकाची काळी गाडी फाटकातून आत गेली. सगळ्यांनी मुठी उगारल्या, आबांनीही उगारली. उत्तम मात्र गाडीकडे बघत राहिला. संप संपला कधी ते कुणी सांगितलंच नाही. आबांना परत कामावर घेतलं नाही, आणि आईनं लोकांची धुणीभांडी करून वरळीच्या बीडीडी चाळीतलं ते बिऱ्हाड ओढलं. आता खोल्यांची दलाली करून हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर उत्तमच्या डोक्यात एकच होतं. तसली गाडी घ्यायची आणि तिच्यात आबांना बसवायचं. त्यांनी एकदा मान डोलावली की भरून पावलो.

वापरलेल्या उंची गाड्यांचं दुकान नेमकं त्याच गिरणीत निघालं होतं. साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, केव्हाच भंगारात गेले होते आणि साचेखात्यात आता गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आबांना बरं वाटेल म्हणून तो त्यांना मुद्दाम घेऊन आला. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती कामातून गेली होती. चार पावलं चालले की थांबायचे. पण दाराशी ते थांबले ते दम लागला म्हणून नव्हे.

"चला की आबा. तुमचीच गिरणी."

"इथं मी कधी आलो नाय," आबा म्हणाले.

उभं आयुष्य ज्या गिरणीत गेलं तिच्याबद्दल हे असं? उत्तमला पटेना. मग आबांनी चौकट धरून, थांबत थांबत सांगितलं. धोटा म्हणजे साच्यावर आडवा धागा नेणारा लाकडी ठोकळा; त्यात सुताची नवी कांडी भरली की धागा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून आपल्या जातीच्या माणसाला साच्यावर घेत नसत. आपलं उष्टं त्यांना चाललं नसतं. पुढं तोंड लावायची पद्धत गेली, पण जागा काही मिळाली नाही. साच्यावर पगार जास्त होता. आबांनी मागून मागून नाद सोडला. संपात मात्र तीच माणसं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. घरी ते नेहमी सांगत आले होते की मला सूतखात्यातच बरं वाटायचं.

उत्तमचं डोकं सणकलं. इथून खिळासुद्धा घ्यायचा नाही, चला परत, असं तो म्हणाला. आबांनी ऐकलं नाही. आलोय तर बघू दे, म्हणत ते उंबरा ओलांडून आत गेले.

विक्रेता माधव टाय लावलेला, गोड बोलणारा होता. उत्तमनं गुडघे टेकून टायर बघितले, बॉनेट उघडून ऑइल बघितलं. रुपेरी गाडीचा गियर अडत होता. निळीच्या एका दाराचा रंग बाकीच्यांहून किंचित उजळ, म्हणजे कुठंतरी ठोकलेली. राहिली काळी. मलबार हिलच्या एका डॉक्टरनं हौसेनं वापरलेली, आत साईच्या रंगाचं लेदर. आबा आधीच तिच्यापाशी जाऊन उभे होते.

माधवनं मागचं दार उघडलं. आबांनी सीटवरून एकदा तळवा फिरवला आणि आत बसले. मागं टेकले. उत्तमनं बापाचा असा चेहरा जन्मात पाहिला नव्हता. त्याला गहिवरून आलं. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

माधवनं इंजिन चालू केलं, एसी सोडला. गार हवा छातीवर येताच आबांना खोकला सुटला. तो थांबेना. वाकून वाकून खोकताना लालसर झाक असलेला कफ त्या लेदरवर पडला, थोडा हनुवटीवर राहिला.

उत्तमनं खिशातून रुमाल काढला, झटकन वाकला आणि सीट पुसली. शिवणीत बोट घालून नीट पुसली. मग वर बघितलं. आबा त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी हनुवटी आपल्या बाहीनं पुसली.

उत्तमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला रुमाल आता पुढंही करता येईना. लेदर क्लीन होतं सर, नो टेन्शन, असं काहीतरी माधव म्हणाला आणि जरा लांब सरकला.

"हीच घे," आबा म्हणाले. "आता दुसरं कोण घेणार?"

उत्तमनं घेतली. भावसुद्धा केला नाही.

चाळीत पेढे वाटले. गाडीभोवती पोरांचा गराडा पडला. आबा वरून कठड्याशी उभे राहून बघायचे, खाली यायचे नाहीत. चक्कर मारू या म्हटलं की आज नको म्हणायचे. उत्तमला माफी मागायची होती. पण मागायची म्हणजे ती गोष्ट तोंडानं उच्चारायला हवी. रोज ओठांवर यायची आणि तिथंच राहायची.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी आबांचा श्वास अडकायला लागला. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. गाडी जिन्याशी लावलेली, मागचं दार सताड उघडं. जो तो घाई करत होता. आबांनी गाडीच्या दाराची कड धरली आणि सोडेनात. उत्तमनं वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आधी पेपर अंथर."

"आबा, नका हो असं. बसा तसेच."

हात सुटेना. छातीचा भाता नुसता हलत होता. शेवटी उत्तमनं धावत जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीवरून पेपर आणला, सीटवर अंथरला, कोपरे नीट दाबले. मग आबा बसले.