स्टुलावरचे हुसेनसाब

हुसेनसाबांचं काम मान हलवण्याचं होतं. सकाळी अकराला मुलाच्या स्कूटरवर मागे बसून यायचं, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर 'जपानी तवा' नावाच्या गाळ्यापुढे स्टुलावर बसायचं, आणि कुणी "हलाल हाय का?" असं विचारलं की मान खाली-वर करायची. हलालचं सर्टिफिकेट काचेत घालून त्यांच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. पण सोलापूरचा माणूस कागद वाचत नाही, माणूस वाचतो. पांढरी दाढी, जाळीची टोपी आणि कपाळावरचा नमाजाचा डाग बघितला की गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं आणि खुर्ची ओढायचं.

चाळीस वर्षं या माणसानं लग्नातल्या बिर्याणीच्या देगा चढवल्या होत्या. मैंदर्गीपासून जेऊरपर्यंत ज्याच्या घरी निकाह, त्याच्या अंगणात हुसेनसाबांची चूल. हजार माणसांच्या बिर्याणीत मीठ कमी पडलंय हे ते नुसत्या वाफेच्या वासावरून सांगायचे. मग गुडघे गेले. देगेसमोर उभं राहणं सुटलं आणि चाळीस वर्षांचा हुन्नर मानेत येऊन बसला.

त्यांचा एकुलता एक मुलगा गुफरान सहा वर्षं दोहाला होता. तिथल्या एका जपानी गाळ्यावर तो हे काम शिकला. जाड लोखंडी प्लेट यंत्रात भट्टीसारखी तापवायची, मधे भाताचा ढीग, भोवती कोंबडीचे कच्चे पातळ काप, वर मिरपूड आणि लोण्याचा गोळा. मग ती चरचरणारी प्लेट तशीच गिऱ्हाइकापुढे नेऊन ठेवायची. गिऱ्हाइकानं लगोलग चमच्यानं ढवळायचं, काप तापल्या लोखंडावर दाबायचे, की दोन मिनिटांत त्याच्या डोळ्यांदेखत शिजून तयार. लोक हे म्हणे हौसेनं करतात.

"मतलब, पकाता कौन?" हुसेनसाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गिऱ्हाईक."

"फिर तू क्या करता?"

"मैं तवा तपाता, अब्बा."

पाहुण्यापुढे कच्चं मांस ठेवायचं आणि वर चमचाही त्याच्याच हातात द्यायचा, ही गोष्ट काही हुसेनसाबांच्या घशाखाली उतरली नाही. तीन महिने झाले, त्या गाळ्यावरचं त्यांनी पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. घरून डबा आणायचे आणि भाजी-भाकरी खाऊन पुन्हा मान हलवायला बसायचे.

गाळा चालत नव्हता असं नाही. गिऱ्हाईक यायचं, पण खाताना फसायचं. आता चिंचोळी एमआयडीसीतले कोंडीबा आणि सारजाबाई यांचंच बघा. मुलगा पास झाला म्हणून चौघं आली. गुफराननं पहिली प्लेट नेऊन ठेवली. चर्र आवाज झाला, वाफ निघाली, कोंडीबांनी कौतुकानं बघितलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दुसरी प्लेट आली. तिसरी आली. तव्याचा दम पाच मिनिटांचा आणि पंगतीचा धीर पंधरा मिनिटांचा. चौथी आल्यावर कोंडीबांनी "हां, करा सुरू" म्हटलं आणि पहिला घास घेतला.

"अवो, ही कोंबडी आजून फडफडतीया की!" सारजाबाई म्हणाल्या.

गुफराननं दुसऱ्या दिवशी पाटी लावली: 'प्लेट येताच ढवळा.' जे सर्टिफिकेट वाचत नव्हते, ते पाटीही वाचेनात.

मग फूड कोर्टचा मॅनेजर आदिनाथ आला. तो हुसेनसाबांशी अदबीनं वागायचा, कारण त्याच्या शाळेच्या मित्राच्या लग्नात त्यानं हुसेनसाबांची बिर्याणी तीनदा मागून घेतली होती.

"चाचा, लई अवघड झालंय बघा," तो म्हणाला. "कच्च्या कोंबडीच्या तीन तक्रारी आल्यात. शुक्रवारी मी स्वतः हितं उभा राहणार. चौथी आली की गाळा खाली करावा लागंल. माझाबी इलाज न्हाय."

हुसेनसाबांनी सवयीनं मान हलवली.

खरं सांगायचं तर गाळा बंद पडावा अशी त्यांचीच मनातून इच्छा होती. स्टुलावरून उतरायला मिळालं असतं, अब्रू वाचली असती. पण त्या संध्याकाळी गुफरान चपला काढता काढता म्हणाला, "ये नहीं चला तो मैं वापस दोहा जातौं, अब्बा. कंपनी का फोन आयाच है." आणि हुसेनसाबांना बायकोची मयत आठवली. त्या मयतीला गुफरान मोबाईलवरून हजर होता. कुणीतरी मोबाईल कबरीवर धरला होता आणि मधेच रेंज गेली होती. आपल्या वेळीही असंच होणार, हे हुसेनसाबांना त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि त्यांना मरणाची नाही, त्या मोबाईलची भीती वाटली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून ते स्टुलावर बसले तेव्हा आदिनाथ तक्रारींची वही घेऊन खांबाला टेकून उभा होता. आणि दैव तरी कसं बघा, त्याच दुपारी मैंदर्गीच्या कमरबी नातवासाठी मुलगी बघायला याच मॉलमध्ये आल्या. हल्ली घरी जाऊन बघणं म्हणजे नकार द्यायला अवघड पडतं, म्हणून लोक असं मधल्या जागी भेटतात. एका बाजूला कमरबी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू ताबीश. समोर मुलगी समरा आणि तिची आई झीनत. कमरबींनी हुसेनसाबांकडे बघितलं, हुसेनसाबांनी मान हलवली, सहा प्लेटा सांगितल्या गेल्या.

दोहाच्या शिस्तीप्रमाणे जी प्लेट तयार होईल ती गुफरान नेऊन ठेवत गेला. पहिली कमरबींपुढे. त्यांनी हात लावला नाही. वरपक्ष आधी तुटून पडला असं कोण म्हणवून घेईल? दुसरी समरापुढे. पाहुण्यांच्या आधी मुलगी जेवली, हे तर त्याहून वाईट. समराला भूक लागली असावी, तिनं चमचा उचललाही, पण झीनतनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. तिसरी, चौथी, मग पाचवी, सहावीही आली. "लेव ना, लेव ना," दोन्ही बाजू एकमेकांना म्हणत होत्या आणि कुणीच काही घेत नव्हतं. पहिल्या प्लेटची चरचर थांबली. लोणी गोठायला लागलं.

गुफरान यंत्रामागून खुणा करत होता, ढवळा, ढवळा. हवेत चमचा फिरवणाऱ्या त्या माणसाकडे कमरबींनी एकदा बघितलं आणि नजर वळवली. आदिनाथनं खांब सोडला.

हुसेनसाब स्टुलावरून बघत होते. हे चित्र त्यांनी चाळीस वर्षं बघितलं होतं. जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाच्या एका बाजूला मुलाकडचे, दुसऱ्या बाजूला मुलीकडचे, सगळे उपाशी आणि सगळ्यांचे हात मांडीवर. तिथं ही कोंडी कोण फोडायचं? तर ना इकडचा, ना तिकडचा, असा एकच माणूस मांडवात असतो, तो फोडायचा. तो म्हणजे बावर्ची.

ते उठले. गुडघे वाजले.

"गुफरान, छेओं के छे तवे उठा," ते म्हणाले. तीन महिन्यांत गाळ्यावर हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "वो गोश्त फेंक. नया रख. और एकेक नक्को ला, सब एकदम ला. दावत में एकेक देते क्या?"

"अब्बा, सिस्टम वैसी नहीं..."

"यंत्र में जगा कित्ते की है?"

"आठ की."

"फिर?"

प्लेटा उचलल्या गेल्या. हुसेनसाब टेबलाशी जाऊन छातीवर हात ठेवून उभे राहिले, बसायचं नाव नाही. सहा प्लेटा दोन ट्रेमधून एकदम आल्या, सहा ठिकाणी एकदम चर्र झालं, आणि वाफ अजून वर चढतेय तोवर ते म्हणाले, "चलो, बिस्मिल्ला करो."

सहा हात एकदम चमच्याकडे गेले. हुसेनसाबांनी कमरबींचा चमचा मागून घेतला, एक काप लोखंडावर दाबून दाखवला आणि चमचा परत दिला. "ऐसा. दबाके. वाफ का वास बदले तलक."

कमरबींनी दाबलं, ढवळलं, घास घेतला. सगळं टेबल त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"तुम पकाए?" त्यांनी विचारलं.

"नहीं, बीबी. पकाए तुमेच. मैं सिरफ बोल्या."

समरानं प्लेट खरवडून खाल्ली. लग्न जमलं की नाही, ते हुसेनसाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आदिनाथनं वहीत काही लिहिलं नाही. जाताना मात्र त्यानं स्वतःसाठी एक प्लेट सांगितली आणि ती आल्यावर मुकाट हात मांडीवर ठेवून हुसेनसाबांकडे बघत राहिला. "करा की सुरू, सायेब," हुसेनसाब म्हणाले, तेव्हा कुठं त्यानं चमचा उचलला.

चारच्या सुमाराला फूड कोर्ट ओस पडलं. हुसेनसाब एका रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले. गुफराननं पाटी काढून ठेवली. मग त्यानं एक प्लेट तापवली, नेहमीपेक्षा चार काप जास्त घातले आणि ती बापापुढे आणून ठेवली.

"खाव, अब्बा."

हुसेनसाबांनी प्लेटकडे बघितलं. बावर्ची सगळ्यांच्या मागून जेवतो, देगेच्या बुडाशी राहिलेलं, तेही उभ्यानं. चाळीस वर्षांत त्यांच्यापुढे कुणी असं ताट आणून ठेवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी वाफेवर ढकललं. आणि हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

"ढवळो ना, अब्बा. ठंडा होता."

हुसेनसाब हलले नाहीत. गुफरान बराच वेळ उभा राहिला. बापाला कच्च्या मांसाची किळस येते, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, एवढं सगळं झालं तरी शेवटी हे खाणार नाहीतच. तो प्लेट उचलायला वाकला, तेव्हा हुसेनसाबांनी हनुवटीनं समोरची रिकामी खुर्ची दाखवली.

गुफरान खुर्चीवर बसला. दोहाहून आल्यापासून या गाळ्यावर तो पहिल्यांदाच बसत होता. बापाचे हात अजून मांडीवरच होते. मग, हे म्हणायचं काम आता आपलं आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

"बिस्मिल्ला करो, अब्बा."

हुसेनसाबांनी चमचा घेतला, काप तव्यावर दाबला. आवाज आला नाही.

"कच्चा है," ते म्हणाले.

गुफरान हसत उठला आणि प्लेट उचलून यंत्राकडे निघाला.

"तेरी भी चढ़ा," हुसेनसाबांनी मागून सांगितलं. "दोनों एकदम ला. मैं बैठा हूं."