नख्तीच्या थडग्यातला वाडगा

माझ्या काठाला तडा गेला आहे, मित्रांनो, आणि पोटातली अक्षरे पुसट झाली आहेत. मी नाईल नदीच्या गाळाचा एक जुना वाडगा. कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले आणि सेनेत नावाच्या बाईने घरी नेले. तिच्याकडे माझ्यात मसुराचे कालवण वाढत. तिचा नवरा नख्ती शेवटी बोट फिरवून मला चाटूनपुसून साफ करी आणि पाच वर्षांची इपी बापाची नक्कल करी.

नख्ती वारला. त्याला पश्चिमेच्या डोंगरातल्या थडग्यात ठेवले. आम्हा इजिप्तच्या लोकांत मेलेले माणूस संपत नाही. त्याला भूक लागते, राग येतो आणि घरच्यांसाठी ते पलीकडे भांडूही शकते. म्हणून सेनेत दर दहाव्या दिवशी तिथे भाकरी आणि बियर ठेवून येई.

त्या उन्हाळ्यात इपीला ताप भरला. वैद्याने मंत्र म्हटले, मध चाटवला. ताप हटेना.

"कुणा मेलेल्यानं धरलंय पोरीला," तो म्हणाला. "तुमच्या माणसालाच सांगा."

मेलेल्याला पत्र लिहायचे ते त्याच्या जेवणाच्या वाडग्यातच, म्हणून सेनेतने मला घासून लेखनिक आंखूपुढे ठेवले. तो नख्तीचा मित्र.

"लिहा भाऊजी, त्यांना म्हणावं, जिवंतपणी शेजाऱ्याच्या बकरीवरून अख्खी गल्ली डोक्यावर घेत होतात. आता पोटची पोर तापानं फणफणतेय, तर गप्प का पडलात?"

"वहिनी, असंच लिहू?"

"असंच. गोड बोललेलं त्यांना कधी ऐकू गेलंय? पुढं लिहा. उठा, तिला धरणाऱ्याशी भांडा. इपीला काही झालं, तर माझ्या हातची भाकरी विसरा."

आंखूचा हात थांबला. मेलेल्याचे अन्न तोडणे म्हणजे त्याला पुन्हा मारणे, आणि त्या मरणानंतर काहीच उरत नाही. तरी त्याने लिहिले. काळ्या ओळी माझ्या पोटात गोल गोल उतरल्या. सेनेतने माझ्यात भाकरी घालून मला थडग्यात ठेवले. जेवताना नख्ती वाचेल, अशी तिची आशा.

तिसऱ्या दिवशी इपीचे अंग गार पडले, ते कायमचेच. तिला चटईत गुंडाळून बापाशेजारी ठेवले.

दहावा दिवस आला. सेनेत टोपली घेऊन आली, पण तिने ती खाली ठेवली नाही.

"भांडलात तरी का?" एवढेच तिने विचारले.

ती वळली, दारापर्यंत गेली. मग परत येऊन माझ्यापुढे बसली आणि भाकरीचे बारीक तुकडे करून माझ्यात टाकू लागली.

"तुमच्यासाठी नाही आणलं. ती आता तुमच्याजवळ आहे. आधी तिला भरवा. कडा काढल्यात, तिला चावत नाहीत."

पुढे कित्येक वर्षे ती येत राहिली. पाठ वाकली, हात थरथरू लागले. मग एका दहाव्या दिवशी आली नाही. त्यानंतर कधीच नाही. तिच्या घरात मागे कोणी उरले नव्हते. आत येत राहिली ती फक्त वाळू.

मित्रांनो, हजारो वर्षांनी मला वाळूतून उकरून काढले आणि आता लोक काचेपलीकडून माझी अक्षरे निरखतात. त्या पत्रात सेनेतने स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही. तिला कुठे पुरले, मला ठाऊक नाही. तिच्यापुढे कोणी वाडगा ठेवला असेल, असे वाटत नाही. आज जेवायला बसाल, तेव्हा तिच्या नावाने एक घास बाजूला काढा. ती फार दिवसांची उपाशी आहे.