अळणी ताट

रविवारी चर्च सुटलं की मायामीतल्या हैती वस्तीतली निम्मी माणसं ओदानीजमावशीच्या खानावळीत येऊन बसतात. देवाचं ऐकून झालं की एकमेकांचं ऐकायचं, आणि ते काही उपाशीपोटी जमत नाही. मिर्लांदही म्हाताऱ्या बापाला, आनेलुसला, हाताला धरून घेऊन आली. खिडकीपाशी त्यांचं ठरलेलं टेबल होतं. तिथली तिसरी खुर्ची तिच्या धाकट्या भावाची, एलिफेतची. दोन वर्षांपूर्वी कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारने त्याला हैतीला परत धाडलं होतं.

महिन्यापूर्वी तिकडे घाटात ट्रक उलटला आणि एलिफेत गेला. बापाचं काळीज आधीच अधू. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मिर्लांदने एकटीने फोनवर भावाची माती पाहिली, न्हाणीघरात नळ सोडून रडली, आणि बापाला सांगितलं की तिकडचे टॉवर बंद आहेत. मग खानावळीत येऊन टेबलाटेबलाशी विनवलं, "बाबांसमोर त्याचं नाव काढू नका." या वस्तीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही; पण हा शब्द सगळ्यांनी पाळला.

"काय आणू, काका? नेहमीचंच?" मावशीने विचारलं.

"नेहमीचंच. तळलेलं डुक्कर, काळ्या अळंब्यांचा भात, कोबीचं तिखटजाळ लोणचं. आणि खरवड त्या डॉमिनो खेळणाऱ्यांना वाढलीस तर याद राख."

"तुमच्यासाठीच पातेली खरवडत आले जन्मभर. नवऱ्याला कधी कण दिला नाही!"

"आणि एक ताट अळणी."

मिर्लांदचा चेहरा उजळला. मिठावरून बापलेकीचं रोज वाजायचं. "ऐकलंत ना, मावशी? शेवटी डॉक्टरांचं पटलं यांना!"

"माझ्या ताटात मीठ घाल," म्हातारा म्हणाला. "दुसरं अळणी."

डॉमिनोच्या सोंगट्यांचा खडखडाट थांबला. अळणी ताट कुणासाठी वाढतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेलेल्या माणसाला मीठ चालत नाही.

मावशी कशीबशी म्हणाली, "मांस कालपासून मुरतंय, काका. मीठ लागलंय त्याला."

"मग नवं चिर. त्याला तुझ्याच हातचं आवडायचं. मी बसतो."

मिर्लांद बापाकडे वळली. "बाबा... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. पूर्वी इथून हात धुवायला उठलो तरी चारजण अडवायचे. काका, पोराचा फोन आला का? काका, कसा आहे तो गुलाम? आता महिना झाला, एक माणूस त्याचं नाव काढत नाही. जिवंत माणसाबद्दल ही मंडळी इतकी गप्प बसतात होय गं?"

"मग मला का नाही विचारलंत?"

"वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. तू आपली टॉवर बंद, टॉवर बंद." म्हाताऱ्याने तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "आणि मीही भित्रा. ताट मागितलं की खरंच झालं ना ते. माझ्या भित्रेपणापायी पोर महिनाभर उपाशी राहिलं."

बापाला जपायला निघाली होती मिर्लांद, आणि एकाच घरात दोघं भिंतीआड रडत राहिली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत तेल तापल्याचा आवाज आला. इतरांची ताटं पुढ्यात निवत होती, पण कुणी घास उचलला नाही. बऱ्याच वेळाने मावशी दोन ताटं घेऊन आली. अळणी ताट तिने तिसऱ्या खुर्चीसमोर ठेवलं. त्यातही खरवड होती.

आनेलुसने पेल्यातलं पाणी तीनदा जमिनीवर शिंपडलं आणि मोठ्याने हाक मारली, "एलिफेत!"

डॉमिनोच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "एलिफेत." मग दारापाशी बसलेली बाई म्हणाली. मग सगळेच म्हणू लागले. महिनाभर दाताखाली धरलेलं नाव खानावळभर झालं.

मिर्लांद ताट नीट सरकवायला वाकली आणि तिचा बांध फुटला. बापाने हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"जरा बाजूला होऊन रड, पोरी," तो म्हणाला. "त्याच्या ताटात मीठ पडेल."