इंदुमतीला परवानगी नाही

बाराव्याला भावनगरच्या त्या घरातून बापुजींचं सगळं निघालं. शय्यादानात पलंग गेला, छत्री गेली, चष्मासुद्धा गेला. "गेलेल्याच्या नावाचं घरात काही अडकून राहू नये," बापुजींची बहीण, म्हणजे फोई, म्हणाल्या आणि तेजसने कॉम्प्युटरवरचं वडिलांचं खातंही काढून टाकलं. मुलगा फार आज्ञाधारक असला की असाही घात करतो.

घात पुढच्या आठवड्यात कळला. त्याच्या आईने, बांनी, पाटीवर लिहिलं, 'माझी प्रभातियां लाव.' घशाच्या ऑपरेशनात बांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी बापुजींनी त्यांच्याकडून ही पहाटेची भजनं गाऊन घेऊन, रेकॉर्ड करून, कॉम्प्युटरवर आपल्या फोल्डरमध्ये जपली होती. सून क्षमा या घरात आली ती ऑपरेशननंतर. सासूचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

फोल्डर उघडेना. परवानगी नाही, एवढंच पडद्यावर येई.

"घालवलंस ना सगळं?" क्षमा म्हणाली.

"नुसतं खातं काढलं गं. गाणी असतील आत," तेजस कसनुसा झाला.

क्षमाने फोल्डरच्या परवानग्या उघडल्या. मालकाच्या जागी बापुजींचं नाव नव्हतं, एक लांबलचक आकडा होता. खातं गेलं की मशीन माणसाचं नाव विसरतं. जड मनाने तिने तिथे आपलं नाव घातलं, तेव्हा कुठे पुढचं दिसायला लागलं. तिथे एका नावापुढे सगळीकडे नकाराच्या खुणा होत्या. ते खातं इंदुमतीचं, म्हणजे बांचं होतं.

"बापुजींनी बाच्याच खात्यावर बंदी घातली? चुकून झालं असेल."

"हे चुकून होत नाही, तेजस. बसून करावं लागतं."

बांनी पाटी ओढून घेतली. 'मी ती गाणी पुसायला निघाले होते. ऑपरेशननंतर. राग आला होता.' पाटी हाताने पुसून पुढे लिहिलं, 'ते काही बोलले नाहीत. एकटेच ऐकायचे.'

तेजस बायकोला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "बंदी काढू नकोस. आधीच खचली आहे ती. पुसलं तर काय उरलं? हवं तेव्हा आपल्या खात्यातून लावून देऊ."

"स्वतःचा आवाज ऐकायला त्यांनी रोज तुझ्या तोंडाकडे बघायचं का?"

बोलली खरी, पण नकाराच्या खुणा तिने एकेक करून, थांबत थांबत काढल्या. मग बांचं खातं उघडून तिने खुर्ची त्यांना दिली.

बांनी पहिलं भजन लावलं. आवाज जाडसर होता, किंचित खरखरीत, आणि मोठा निर्धास्त. क्षमाला वाटलं होतं, सासूचा आवाज मऊ असेल. भजन संपलं आणि पाठोपाठ बापुजी बोलले, "इंदु, हे एकदा परत म्हण ना."

बांनी तोंड उघडलं. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा आली. तेजस भिंतीकडे तोंड फिरवून रडू लागला.

बांचा हात माउसने पुसायच्या बटणापर्यंत गेला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि क्षमापुढे पाटी सरकवली.

'ऐकायची परवानगी राहू दे. पुसायची मनाई परत घाल. माझा मला भरवसा नाही.'