दुसऱ्या कडव्यानंतरची टिंग

दाजींनी गाणं मध्येच बंद केलं. दुसरं कडवं संपायला आलं होतं, गाणारी बाई श्वास घेण्याच्या बेतात होती, आणि दाजींनी सीडी प्लेअरचं बटण दाबून तिला तिथेच गप्प केलं.

"पुरे झालं हे गाणं," ते म्हणाले. "उद्यापासून तुझं लावत जाऊ. ते ड्रमवालं."

मेहुण्याच्या हातातला स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायला वाकावं की दाजींकडे बघत राहावं, हे त्याला ठरवता येईना.

बावीस वर्षं दोघं मिळून स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. एक बहिणीचा नवरा, दुसरा बायकोचा भाऊ. दाजी त्याला ‘मेहुणे’ अशी हाक मारत. ती ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्याला मेहुणेच म्हणू लागली होती, आणि अख्ख्या बाजाराचा मेहुणा होण्यातला तोटा त्याला फार उशिरा कळला. दुकानाचा नियम एकच होता. दुरुस्त झालेला कोणताही स्पीकर त्या एका गाण्यावर वाजल्याशिवाय बाहेर जायचा नाही. गाणं जुनं, एके काळी घराघरात वाजलेलं. दुसरं कडवं संपलं की बाई श्वास घ्यायला थांबते आणि तेवढ्या फटीत कोणीतरी एक लहानसा लोखंडी त्रिकोण वाजवतो. टिंग. एकदाच. ती स्वच्छ आली तर स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग, ज्याला ट्विटर म्हणतात, तो शाबूत आहे असं समजायचं. टिंग आली की दाजी उजव्या हाताचं बोट वर करत आणि मेहुणा झाकण आवळायला घेई.

आणि जगातलं सगळ्यात मोठं गाणं हेच, असं दाजींचं ठाम मत होतं.

"अरे, ड्रम काय, भिंतीलाही ऐकू येतो," ते म्हणायचे. "मोठं गाणं ते, ज्यात एक गोष्ट एकदाच होते आणि तेवढ्यासाठी माणूस ते पुन्हा लावतो."

"तुमच्या टिंगवर आजवर कुणी नाचलंय का, दाजी?" मेहुणा म्हणायचा. "ज्या गाण्यावर कोपऱ्यातला लाजराबुजरा माणूससुद्धा उठून नाचतो, ते मोठं."

"त्याला गाणं नाही म्हणत. त्याला दगडफोड म्हणतात."

हा वाद रोज चहाबरोबर सुरू व्हायचा आणि कप विसळेपर्यंत चालायचा. बावीस वर्षांत दाजींनी तसूभरही माघार घेतली नव्हती. आज, काही कारण नसताना, ते मैदानच सोडून निघाले होते. मेहुण्याला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच त्याला वाटलं.

"का हो, दाजी? एकदम?"

"विचार केला मी. गाणं हाडांत उतरलं पाहिजे. कानांचं काय घेऊन बसलास, कान फसवतात." बोलता बोलता त्यांनी स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवला. "तुझंच बरोबर होतं."

दाजी, आणि ‘तुझंच बरोबर होतं’! स्क्रू सापडेपर्यंत मेहुण्याच्या मनात संशयाने घर केलं होतं.

त्या संशयाला खाद्य कमी नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत नाट्यगृहाचे तीन स्पीकर परत आले होते. तिन्ही मेहुणा दुकानात नसताना दाजींनी एकट्याने पास केलेले, तिन्हींचे ट्विटर मेलेले. नाट्यगृह हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते गेलं असतं तर दुकानाचं शटर कायमचं ओढायला फार दिवस लागले नसते. तिथल्या व्यवस्थापकाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, आणखी एक परत आला तर मला दुसरीकडे बघावं लागेल. दुसरीकडे म्हणजे समोर. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर स्पीकर दुरुस्तीचंच नवं, काचेचं, चकचकीत दुकान निघालं होतं. आणि दर मंगळवारी दुपारी "जरा येतो" म्हणून दाजी त्याच इमारतीत शिरत होते. मेहुण्याने दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, बँकेत गेलो होतो. बँक उलट्या दिशेला होती.

धागे जुळवायला त्याला वेळ लागला नाही. दाजी समोरच्या दुकानात जाणार. जाताना नाट्यगृह बरोबर नेणार. त्यासाठी इथलं काम मुद्दाम बिघडवायचं आणि मेहुण्याला गोड बोलून गाफील ठेवायचं. गाणंसुद्धा त्याचंच मोठं म्हणायचं. ज्या माणसाने आपल्या हातात पहिला स्क्रूड्रायव्हर दिला त्याच्याबद्दल आपण असला विचार करतोय, याची त्याला लाज वाटली. पण विचार काही जाईना.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. दाजी अजून घरी यायचे होते.

"तुमच्या दोघांचं काही बिनसलंय का रे?" तिनेच आधी विचारलं.

"का गं?"

"घरात तोंडाला कुलूप. टीव्ही लावत नाहीत. दारावरची बेल वाजली तरी जागचे हलत नाहीत, वर मलाच म्हणतात, तू ऊठ. परवा नात फोनवर बोलत होती, तर दोन मिनिटांत फोन माझ्या हातात देऊन मोकळे." ताईने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "मन दुसरीकडेच आहे ह्यांचं. तुला काही माहीत असलं तर सांग मला. मी ऐकून घेईन."

"मला काय माहीत असणार," मेहुणा म्हणाला. पण मन दुसरीकडे आहे, हे त्याने पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी दुकानात आला. नाट्यगृहाचा चौथा स्पीकर टेबलावर तयार होता. दुपारी न्यायला माणूस येणार होता. मेहुण्याने मागचं झाकण काढलं, ट्विटरची लाल वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि झाकण परत लावलं. आता हा स्पीकर बाकी सगळं वाजवणार होता, टिंग तेवढी वाजवणार नव्हता. दाजींनी चूक पकडली तर माणूस सरळ आहे. तसाच पास केला, तर आज तोंडावर विचारायचं, ताईची भीड न ठेवता.

"दाजी, नाट्यगृहवाले जुन्याच गाण्यावर ऐकून घेणार म्हणालेत," दाजी आल्याबरोबर तो म्हणाला. हे खोटं होतं. "तुम्हीच पास करा."

"तुझं ड्रमवालं लाव की."

"ते नको म्हणालेत."

दाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग स्टूल ओढून स्पीकरसमोर बसले आणि तळहात बॉक्सवर ठेवला.

गाणं सुरू झालं. बारीक आवाज नसल्यामुळे बाई तोंडावर पांघरूण घेऊन गातेय असं वाटत होतं. नवख्या माणसालाही ते कळलं असतं. मेहुणा दाजींच्या चेहऱ्याकडे बघत होता. पहिलं कडवं गेलं. दाजींच्या कपाळावर आठी नाही. दुसरं सुरू झालं. आत्ता बोलतील, आत्ता म्हणतील, मेहुणे, वायर बघ. त्यांनी म्हणावं असं मेहुण्याला एकदम फार वाटलं.

दुसरं कडवं संपलं. बाई श्वास घ्यायला थांबली. त्या फटीत काहीही वाजलं नाही.

दाजींनी डोळे मिटले, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि हसले.

"टिंग," ते म्हणाले. "स्वच्छ."

तोंडावर विचारायचे शब्द मेहुण्याने सकाळपासून घोकले होते. त्यांचा आता काही उपयोग नव्हता. फसवणारा माणूस बोट वर करेल, एखादे वेळी हसेलही, पण असा हसणार नाही. बोट अगदी जागेवर वर गेलं होतं, क्षणाचाही फरक न पडता. दाजींना टिंग खरोखरच ऐकू आली होती, आणि ती या खोलीत वाजलेली नव्हती.

मग समोरच्या इमारतीचा जिना त्याला आठवला. काचेच्या दुकानाला लागूनच तो वर जात होता, आणि जिन्याच्या तोंडाशी एक पांढरी पाटी होती. कान, नाक, घसा. रोज शटर उघडताना ती त्याच्या डोळ्यांसमोर असायची.

त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो दाजींकडे पाठ करून उभा राहिला.

"पास ना?" दाजींनी विचारलं.

"झाकण एकदा आवळून घेतो," तो म्हणाला.

त्याने स्पीकर आपल्या बाजूला वळवला, झाकण काढलं, चिकटपट्टी सोडवली, वायर जागेवर नेली आणि सोल्डरिंग गनने पक्की जोडली. झाकण बसवून त्याने स्पीकर पुन्हा दाजींसमोर ठेवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

"परत कशाला?"

"मला ऐकायचंय." मेहुणा दाजींना दिसेल असा समोर उभा राहिला. "मी पण विचार केला, दाजी. तुमचंच गाणं मोठं. ड्रमवालं म्हणजे उगीच धुडगूस."

दाजींचे डोळे बारीक झाले. "आता का रे? काल तर जिंकला होतास."

"असंच."

"बावीस वर्षांत असंच काही बोलला नाहीस तू. तुझ्या ताईनं काही सांगितलं?"

दुसरं कडवं आलं, संपलं, बाई थांबली. टिंग आली. मेहुण्याने बोट वर केलं. या वेळी दाजींनी केलं नव्हतं. ते त्याच्या बोटाकडे बघत होते. मग त्यांची नजर तिथून टेबलावर गेली. सोल्डरिंग गनच्या टोकातून अजून धूर निघत होता.

गाणं पुढे चालू होतं. दाजींनी ते थांबवलं नाही.

"मघाशी वायर सुटलेली होती," ते म्हणाले.

"सुटली नव्हती, दाजी. मी सोडली होती."

दाजींनी नजर स्पीकरकडे वळवली. तळहात अजून बॉक्सवरच होता. आता उठतील आणि निघून जातील, असं मेहुण्याला वाटलं, आणि त्यांना अडवायला आपल्याला तोंड उरलेलं नाही हेही कळलं.

"ते तिन्हीही असेच गेले असणार," दाजी शेवटी म्हणाले. "मला प्रत्येक वेळी ऐकू आली रे. शप्पथ सांगतो."

"माहीत आहे."

"तुझ्या ताईला सांगू नकोस."

"तुम्हीच सांगा. तिला भलतंच वाटतंय."

"आणि तुला काय वाटत होतं?"

मेहुण्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. काचेच्या दुकानावर ऊन पडलं होतं.

गाणं संपलं. दाजींनी स्टूल थोडं पुढे ओढलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"परत लाव," ते म्हणाले. "आणि बोट जरा उंच धर, मेहुणे. इथून नीट दिसत नाही."